येईल ना परत?

मुंबई-पुण्यात अलीकडे जाळीवाल्यांना बरे दिवस आले आहेत. विजेच्या खांबावर, सोसायटीच्या फाटकावर, रिक्षाच्या पाठीमागे ‘कबुतर जाळी’ एवढे दोन शब्द आणि खाली मोबाइल नंबर. पहिल्या मजल्यापासून विसाव्यापर्यंत गॅलऱ्यांना नायलॉनची जाळी लागलेली असते, कबुतर आत येऊ नये म्हणून. आणि त्याच रस्त्यावरच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर एक गृहस्थ रविवारी सकाळी तोंडात खिळे धरून तसलीच जाळी लाकडी चौकटीला ठोकत असतो, कबुतर बाहेर जाऊ नये म्हणून. जाळीवाल्याला दोन्ही गिऱ्हाइकं सारखीच.

हा दुसरा गृहस्थ म्हणजे नवा शौकीन. त्याने मुहूर्तही नेमका काढलेला असतो. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायचं जाहीर केलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली आणि ऑगस्टमध्ये जमावाने ती फाडली. तेव्हापासून कबुतर या विषयावर मत नाही असा माणूस शहरात उरलेला नाही. अशा वेळी ‘मी कबुतरं पाळायला घेतोय’ हे वाक्य सोसायटीच्या सभेत उच्चारायला छाती लागते. नव्या शौकिनाकडे ती नसते. म्हणून तो ढाबळीला ‘स्टोअररूम’ म्हणतो, आणि स्टोअररूममधून घुमण्याचा आवाज येऊ लागला की शेजाऱ्यांना सांगतो, “अहो, खाली घाण करतात ते पारवे. आमची ती कबुतरं. जातच वेगळी!”

जात एकच. कोलंबा लिव्हिया. गॅलरीतला पारवा, लग्नात उडवायला आणलेलं पांढरंशुभ्र कबुतर आणि युरोपात शर्यती जिंकणारा होमर, तिघं एकाच घराण्यातले. जगभरच्या शहरांतले पारवे हे बरेचसे कुणाच्या तरी ढाबळीतून पळालेल्यांचेच वंशज आहेत. म्हणजे आजचा उपद्रव हा कालच्या कुठल्या तरी शौकिनाचा विसरभोळेपणा. पण हे सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगण्यात अर्थ नसतो.

शौक लागतो तो बहुधा बाजारात. क्रॉफर्ड मार्केटमध्ये माशांचं खाद्य आणायला गेलेला माणूस पिंजऱ्यापाशी घुटमळतो, कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारातही हेच होतं. पहिली पसंती हमखास लक्क्याची. साध्या कबुतराला शेपटीची बारा-चौदा पिसं असतात, लक्क्याला तीस, कधी चाळीसही. तो छाती पुढे काढून, मान मागे टाकून पंख्यासारखी शेपटी फुलवतो आणि घरातली मुलं हट्ट धरतात. चार दिवसांनी लक्षात येतं की एवढा पिसारा घेऊन पक्ष्याला नीट उडता येत नाही आणि शेपटी आड येत असल्यामुळे मागचं मांजर त्याला दिसत नाही. मग कुणीतरी सांगतं की खरं कबुतर म्हणजे गिरेबाज, हवेत कोलांट्या मारणारं. दुसरा सांगतो हायफ्लायर, सकाळी ठिपका होऊन जातं ते संध्याकाळी उतरतं. तिसरा म्हणतो, होमर घ्या. चौथा काहीच म्हणत नाही, तो उस्ताद असतो.

उस्ताद कबुतर कसं बघतो हे बघण्यासारखं असतं. तो पिंजऱ्यात हात घालतो आणि पक्षी फडफडायच्या आत तळव्यावर घेतो. दोन्ही पाय तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत, पोट तळव्यावर, अंगठा मिटलेल्या पंखांवर. नवशिक्याने हेच केलं की त्याच्या हातात तीन पिसं उरतात आणि कबुतर ट्यूबलाइटवर असतं. उस्ताद मग एक पंख हळूच उलगडतो, टोकाची दहा पिसं मोजल्यासारखी करतो, छातीच्या पिसांवर फुंकर मारून आतली कातडी बघतो, छातीच्या हाडावरून बोट फिरवतो. शेवटी खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळा. डोळ्याच्या बुबुळातल्या कड्यांवरून पक्षी किती लांबून परत येईल ते ओळखता येतं अशी या लोकांची श्रद्धा आहे, युरोपात तर त्यावर ग्रंथ आहेत. शास्त्रज्ञांना ते फारसं पटलेलं नाही. उस्तादाला शास्त्रज्ञ पटलेले नाहीत. डोळा पसंत पडला तर तो ‘हं’ म्हणतो. नाही पडला तरी ‘हं’च म्हणतो. या दोन ‘हं’मधला फरक कळायला पाच वर्षं लागतात.

घरी विरोध झाला की नवा शौकीन इतिहासाचा आधार घेतो. इतिहास त्याला अर्धवटच साथ देतो. बाबराचा बाप उमर शेख मिर्झा कबुतरांचा मोठा शौकीन. फरगान्यात अख्सीच्या किल्ल्यात दरीच्या काठावर त्याची ढाबळ होती. जून १४९४ मध्ये ती दरीत कोसळली, आणि बरोबर मिर्झाही. बाराव्या वर्षात असलेल्या बाबराला गादी मिळाली ती अशी, आणि पुढचा सगळा मुघल इतिहास घडला. एवढ्यावर घराण्याने धडा घ्यावा की नाही? बाबराचा नातू अकबर या छंदाला इश्कबाजी म्हणायचा. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त दरबारी कबुतरांचा आकडा वीस हजारांवर दिला आहे, त्यांतली पाचशे खाशी. खाशा कबुतराने किती गिरक्या घ्याव्यात आणि किती कोलांट्या माराव्यात याचेही हिशेब त्यात आहेत. मुक्काम हलला की ढाबळीही हलायच्या.

बायकोपुढे उमर शेखचं नाव काढू नये. डार्विनचं काढावं.

चार्ल्स डार्विनने १८५५ मध्ये कबुतरं पाळायला सुरुवात केली ती अभ्यासासाठी. पण हा असा अभ्यास आहे की माणूस त्यात पुरता बुडतो. मिळतील तितक्या जाती त्याने घरी आणल्या, लंडनच्या कबुतरवाल्यांच्या दोन क्लबांचा तो सभासद झाला आणि संध्याकाळी गुत्त्यात बसून त्यांच्या गप्पा ऐकू लागला. एका बैठकीत निघालं की कुणी एका गृहस्थाने आकार वाढवण्यासाठी आपल्या पाउटर कबुतरांचा रंट जातीशी संकर केला आहे. त्यावर सगळ्या मंडळींनी किती गंभीरपणे माना हलवल्या ते डार्विनने पत्रात लिहून ठेवलं आहे. गावकीत कुणाच्या मुलीने पळून जाऊन लग्न केलं तरी माना इतक्या हलत नसतील. पुढे १८५९ मध्ये त्याच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाचं हस्तलिखित प्रकाशकाने व्हिटवेल एल्विन या संपादकाला वाचायला दिलं. एल्विनसाहेबांनी कळवलं की उत्क्रांती वगैरे राहू द्या, फक्त कबुतरांवर पुस्तक लिहा. कबुतरं सगळ्यांना आवडतात, घरोघर खपेल. डार्विनने ऐकलं नाही. तरी ‘ओरिजिन’चं पहिलंच प्रकरण कबुतरांनी भरलेलं आहे आणि त्यात अकबराच्या वीस हजारांचा उल्लेखही आला आहे.

घरून होकार मिळतो. मग खरेदी. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बाजारात ती कुणी सांगत नाही. विकणारा खोटं बोलत नाही. तो म्हणतो, “गॅरंटीचा माल आहे शेठ, कुठूनही सोडा, घरी जाणार म्हणजे जाणार!” कुणाच्या घरी, ते गिऱ्हाईक विचारत नाही. नवा शौकीन देखणी, तयार, मोठी जोडी आणतो, आठवडाभर दाणे घालतो, नावं ठेवतो, आणि रविवारी पाहुण्यांसमोर ढाबळीचं दार उघडतो. जोडी वर जाते, गच्चीवर दोन घिरट्या घालते, टाळ्या पडतात. तिसरी घिरटी पडत नाही. तासाभराने ती विकणाऱ्याच्या पत्र्यावर उतरलेली असते, आणि पुढच्या रविवारी त्याच टोपलीत, त्याच गॅरंटीसह हजर असते. एकच जोडी वर्षात तीन-चारदा विकली गेल्याच्या कथा प्रत्येक बाजारात ऐकू येतात. त्यातला गुन्हेगार शोधायला गेलं तर सापडत नाही. पक्षी प्रामाणिक, विक्रेता शब्दाला जागणारा.

म्हणून जाणते लोक मोठं कबुतर उडवण्यासाठी घेतच नाहीत. ते साधारण महिन्याचं, नुकतंच आपलं आपण दाणे टिपू लागलेलं, अजून न उडालेलं पिल्लू घेतात. ते दिसायला भयंकर असतं. अंगावर पिवळी लव, चोच डोक्यापेक्षा मोठी, आवाज दाराच्या न तेल घातलेल्या बिजागरीचा. पण त्याने अजून दुसरं आकाश पाहिलेलं नसतं. त्याला गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात काही दिवस नुसतं बसवून ठेवायचं, आजूबाजूच्या टाक्या, अँटेना, मंदिराचा कळस, मोबाइलचा टॉवर त्याला पाहू द्यायचा. मग अर्धपोटी असताना संध्याकाळी सोडायचं. मोठी कबुतरं घेतलीच तर ती जन्मभर आत ठेवून फक्त त्यांची पिल्लं उडवायची.

कबुतराला परतीची वाट कळते कशी, यावर शास्त्रज्ञांचं शंभर टक्के एकमत नाही. सूर्याची दिशा आहे, पृथ्वीचं चुंबकत्व आहे. इटलीतल्या फ्लोरिआनो पापी यांनी १९७० च्या दशकात प्रयोगांवरून सांगितलं की वासही आहे. सगळ्यांत गोड शोध ऑक्सफर्डच्या मंडळींचा. त्यांनी होमरच्या पाठीवर यंत्रं बांधून मार्ग टिपले, तेव्हा काही पक्षी चक्क हमरस्त्यावरून उडत येतात आणि चौकात वळण घेतात असं दिसलं. सरळ रेषेपेक्षा लांब पडलं तरी ओळखीचा रस्ता बरा. रात्रीच्या एसटीत ‘घाटानेच घ्या’ म्हणणाऱ्या प्रवाशाला हे लगेच पटेल.

पण हे सगळं कौशल्य एकाच दिशेचं, घराकडे. १९८९ मध्ये ‘मैंने प्यार किया’ आल्यापासून एका पिढीची समजूत आहे की कबुतराच्या कानात पत्ता सांगितला की ते पत्र पोचवतं. तसं नाही. प्रेयसीला निरोप धाडायचा तर आधी तिच्या ढाबळीतलं कबुतर आपल्याकडे आणून ठेवावं लागतं, म्हणजे एकदा तिच्या घरी जावंच लागतं. आणि गेलोच आहोत तर निरोप तोंडीच सांगता येतो. ओडिशा पोलिसांना हे ठाऊक होतं. १९४६ मध्ये सैन्याकडून मिळालेल्या कबुतरांवर त्यांनी कोरापुटच्या डोंगराळ भागात टपाल सुरू केलं. शिपाई पक्षी टोपलीत घालून दुर्गम ठाण्यावर न्यायचे आणि निरोपाची नळी पायाला बांधून सोडायचे. १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी संबळपूरहून कटकला असाच निरोप पाठवला होता, आणि १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा पडल्या, फोन गेले, तेव्हाही ही कबुतरं कामाला आली.

पायाला काही बांधलेलं असलं की मात्र आपल्या देशात चौकशी होते. मे २०२३ मध्ये चेंबूरच्या पीर पाऊ जेट्टीवर एक कबुतर सापडलं. पायात कडी, पंखांवर चिनी वाटेल अशी अक्षरं. हेरगिरीचा संशय, पोलिसांत नोंद, आणि पक्ष्याची रवानगी परळच्या बाई साकरबाई जनावरांच्या इस्पितळात. तिथे ते आठ महिने राहिलं. निघालं तैवानचं शर्यतीचं कबुतर, वाट चुकलेलं. जानेवारी २०२४ च्या अखेरीस त्याची सुटका झाली. त्याआधी २०२० मध्ये जम्मूत कठुआला पकडलेल्या कबुतराच्या कडीवरचा आकडा सांकेतिक भाषा मानला गेला. सीमेपलीकडच्या मालकाने कळवलं की तो त्याचा फोन नंबर आहे. तेव्हा नव्या शौकिनाने कडी जरूर घालावी, पण त्यावर काय लिहितो याचा विचार करावा. अखंड कडी पिल्लू आठवड्याचं असतानाच पायात जाते. नंतर पंजा मोठा होतो, मग नाही जात.

पिल्लं म्हटली की हिशेब आला, आणि या छंदातली खरी गंमत हिशेबात आहे.

पहिली अडचण म्हणजे जोडी ही जोडी आहे का. कबुतरात नर-मादी दिसण्यावरून ओळखणं जाणत्यांनाही जड जातं. ‘जोडी’ म्हणून आणलेले दोघे रात्रभर मारामाऱ्या करू लागले तर ते दोन नर. आणि अगदी गोडीगुलाबीने राहून घरट्यात चार अंडी दिसली तर त्या दोन माद्या. कारण एक मादी एका वेळी दोनच घालते. या दोघी चारही अंडी आळीपाळीने, श्रद्धेने उबवत बसतात. काही निघत नाही.

जोडी खरी असली तर मात्र सुरळीत चालतं. पहिल्या अंड्यानंतर दोनेक दिवसांत दुसरं, मग सतरा-अठरा दिवस उबवणं. नर सकाळी उशिरा बसतो तो दुपार कलेपर्यंत, बाकी सगळा वेळ आणि रात्र मादी. म्हणजे नराची ड्युटी जवळजवळ दहा ते पाच. पिल्लू निघालं की दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दह्यासारखा पदार्थ तयार होतो, त्याला कबुतराचं दूधच म्हणतात, आणि बापही ते पाजतो. ही माहिती घरात मोठ्याने वाचून दाखवू नये, पुढचं संभाषण नवऱ्याला जड जातं.

आता गणित. चार जोड्या, वर्षाला पाच विणी धरल्या, दर विणीला दोन पिल्लं. वर्षअखेर चाळीस पिल्लं आणि आठ आईबाप, अठ्ठेचाळीस. एका कबुतराला रोज साधारण तीस ग्रॅम दाणे. म्हणजे दिवसाला जवळपास दीड किलो, महिन्याला त्रेचाळीस किलो बाजरी, ज्वारी, मका, वाटाणे, मूग. शिवाय शिंपल्याचा चुरा आणि खडे, कारण त्यांना दात नाहीत, पोटातलं जातं खड्यांवर चालतं. घरी परवानगी मागताना याचा उल्लेख ‘मूठभर दाणे’ असा झालेला असतो. आणि आधी निघालेली पिल्लं सहा महिन्यांची झाली की तीही अंड्यांवर बसू लागतात. उपाय साधा आहे. खरी अंडी काढून घ्यायची आणि प्लॅस्टिकची ठेवायची. कबुतरं ती मनोभावे उबवतात, कंटाळून सोडून देतात, संख्या आटोक्यात राहते. पण पहिल्या वर्षी हे करायला कुणाचा हात धजत नाही. दुसऱ्या वर्षी कुणाचा थांबत नाही.

सहा वाजता गच्चीवर जावं. शौकीन बनियनवर उभा असतो, एका हातात टोकाला काळं फडकं बांधलेला बांबू, दुसऱ्यात दाण्यांचा डबा. थवा वर गोल घालतोय. वळताना पंखांची पांढरी बाजू एकदम चमकते आणि पुन्हा सगळे करडे होतात. त्याचे ओठ हलत असतात. तो मोजतोय. अकरा, बारा, तेरा. तेरा? पुन्हा मोजतो. डबा खुळखुळवतो, जीभ टाळूला लावून लांब शिट्टी घालतो. एकेक पक्षी पत्र्यावर टपटपू लागतो. शेजारच्या टाकीवर शिक्रा बसून गेल्याची त्याला शंका आहे, पण ती तो बोलून दाखवत नाही. खालून हाक येते, “अहो, चहा गार झाला!” तो ‘आलो’ म्हणतो आणि हलत नाही. पंधरा मिनिटांनी चौदावं येतं, आणि त्याच्याबरोबर पंधरावंही, कुणाचं कोण जाणे. जुन्या दिल्लीत ही कलाच मानतात, आपला थवा दुसऱ्याच्या थव्यात मिसळवायचा आणि उतरताना त्याचा एखादा घेऊन यायचा. मग पक्षी परत द्यायचा, विकायचा की नुसता मिरवायचा, हे दोन गच्च्यांमधल्या संबंधांवर ठरतं.

एवढ्यात कुणीतरी बेल्जियमची बातमी आणतं. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘न्यू किम’ नावाची शर्यतीची मादी लिलावात १६ लाख युरोंना गेली, चीनमधल्या गिऱ्हाइकाने घेतली. नवा शौकीन आपल्या चौदांकडे निराळ्या नजरेने बघू लागतो. उस्तादाला विचारलं तर तो ‘हं’ म्हणतो. चेन्नई-कोलकात्यात होमरच्या शर्यतींचे क्लब आहेत, पण तिथेही खर्च आणि बक्षीस यांची तोंडमिळवणी मनावर घेणारा माणूस फार दिवस टिकत नाही.

उरलं सोसायटीचं. तिथे थट्टा थोडी बाजूला ठेवावी, कारण सेक्रेटरी सगळंच चुकीचं बोलत नसतो. कबुतरांच्या पिसांची आणि वाळलेल्या शिटेची धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात गेली तर काहींच्या फुप्फुसांवर त्याचा कायमचा परिणाम होतो, दम लागू लागतो. इंग्रजी वैद्यकात या दुखण्याला कबुतरवाल्यांचंच नाव दिलेलं आहे. घरात दम्याचं माणूस असेल, शेजारी तान्हं मूल असेल, ढाबळ कुणाच्या खिडकीच्या वर येत असेल, तर हा छंद तिथे नको. गावाकडचं अंगण बघावं. जागा आणि परवानगी दोन्ही असेल तर चार पिल्लांपासून सुरुवात करावी, ढाबळ रोज झाडावी, शीट ओली करून उचलावी आणि झाडताना तोंडाला मास्क बांधावा. कोविडच्या वेळचे कपाटात कुठेतरी उरले असतीलच.